सीट घेतली, पण बसली का?

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या जोडप्यानं लेकीसाठी चांगली महागाची कार सीट घेतली होती. पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीपाशी गप्पा चालल्या होत्या, म्हणून सहज आत हात घालून मी ती हलवून पाहिली. वीतभर इकडे, वीतभर तिकडे. दोन वर्षांची पोर सहा महिने त्यात बसून पुणे-सातारा करत होती. "दुकानवाल्यानंच बसवून दिलीय," तिचे बाबा म्हणाले. या विषयातला मोठा गैरसमज त्या वाक्यातच आहे, पण त्याकडे जरा वेळानं येतो.

आधी बाळाला मांडीवर घेऊन बसण्याचं बघू. "मी घट्ट धरून बसते की," असं आजी म्हणते तेव्हा तिच्या मायेबद्दल शंका नसते, हिशेब मात्र चुकतो. ताशी ५० किलोमीटर वेगानं चाललेली गाडी धडकून थांबते ती सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात. तेवढ्या वेळात १० किलोचं बाळ धरून ठेवायला दीडशे ते दोनशे किलोंचा जोर लागतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचे पाच-सहा भरलेले सिलिंडर एका झटक्यात पेलण्याइतका. पैलवानालाही ते जमणार नाही. आजीनं पट्टा लावलेला नसेल, तर तिचं सगळं वजन बाळावर येतं. दोघांना मिळून एकच पट्टा लावला, तर तो पट्टाच बाळाला चिरडतो. "इथल्या इथेच तर जायचंय" हेही फसवं आहे, कारण ५० चा वेग शहरातलाच असतो. त्या वेगानं आदळणं म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडणं.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा कार अपघातात मृत्यू झाला. मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं आणि मागच्या सीटचा पट्टा एकदम चर्चेत आला. मांडीवरच्या बाळाबद्दल मात्र तेव्हाही कोणी फारसं बोललं नाही.

"आपल्याकडे कुठे सक्ती आहे?" आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा मुलांच्या सीटनं बांधलेलं नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. यातला 'किंवा' मला खटकतो. चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला की कायद्याचं समाधान होतं, मुलाचं शरीर मात्र सुरक्षित होत नाही. तो पट्टा साधारण दीड मीटर किंवा त्याहून उंच माणसासाठी बेतलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत वरचा भाग गळ्यावर येतो आणि खालचा कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर चढतो. त्या पोटात यकृत आणि प्लीहा असतात. म्हणून बाळाची सीट लहान झाल्यावरही मुलाला उंच बसवणारी बूस्टर सीट लागते, बऱ्याच मुलांना थेट दहा-अकराव्या वर्षापर्यंत.

बाळाचं तोंड मागच्या काचेकडे ठेवायचं म्हटलं की घरात वाद होतो. "पाय दुमडतात, चेहरा दिसत नाही." पाय दुमडले तर दुमडू द्यात, पोरं घरीही मांडी घालूनच बसतात. प्रश्न मानेचा आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये तोच ताण पाठीवर पसरतो. युरोपच्या आर-१२९ या नव्या मानकानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत तसंच बसवायचा सल्ला देतात. पण ही सीट चालू एअरबॅगसमोर, पुढच्या जागेवर कधीही ठेवायची नाही. फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

आता दुकानवाल्याकडे. वरच्या मजल्यावरच्या त्या लेकीची सीट पुढे तोंड करून ठेवली होती, पण गाडीचा पट्टा ओवला होता निळ्या खुणांमधून. अशा सीटवर निळी खूण मागे तोंड असतानाची आणि लाल खूण पुढे तोंड असतानाची असते. माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं. आम्ही पट्टा काढून लाल वाटेनं ओवला, सीटमध्ये गुडघा रोवून सगळं वजन टाकलं आणि ढिला भाग ओढून घेतला. मग हलवली, तर सीटबरोबर गाडीच डुलली. पट्ट्याच्या वाटेपाशी धरून हलवल्यावर सीट इंचभराहून जास्त सरकता कामा नये.

"आमच्या गाडीला आयसोफिक्स आहे, चूक होऊच शकत नाही," असंही ऐकतो. त्यात सीटचे खालचे दोन आकडे गाडीतल्या कड्यांत खट् करून बसतात हे खरं, पण पुढे तोंड असलेल्या बऱ्याच सीटना वरचा पट्टाही लागतो. तो लोंबत राहतो किंवा डिकीत सामान अडकवायच्या हुकाला लावला जातो. तो हुक पिशवीसाठी असतो. खरी जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. आणि आयसोफिक्स नसलं म्हणून अडत नाही. पट्ट्यानं नीट बांधलेली सीटही चांगलं काम करते.

मुलाच्या अंगावरच्या पट्ट्यांची परीक्षा बोटांनी घ्यायची. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा, घडी पकडता आली तर तो सैल आहे. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असेल तर पातळीवर किंवा किंचित वरून. डिसेंबरात महाबळेश्वरला निघताना जाड जाकीट घालून बांधू नका. धडकेत जाकीट दबतं आणि पट्टा सैल होतो. आधी बांधा, मग वरून शाल घाला.

खरेदीत किमतीपेक्षा लेबल बघा. ईसीई आर-४४/०४ किंवा आर-१२९ असा शिक्का आणि मुलाचं वजन-उंची त्या मापात बसणं, एवढं पुरे. ऑनलाइन मिळणाऱ्या पट्टेवाल्या कापडी गाद्यांवर असा शिक्का नसेल, तर त्या गाद्याच समजा. नात्यातून आलेली जुनी सीट अपघातात सापडली नव्हती याची खात्री असेल तरच घ्या.

हे वाचून झालं की गाडीची किल्ली घ्या, खाली जा आणि सीट एकदा हलवून बघा.