वेळेत न थांबणारा कोड

२० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमर मंडळींचं हक्काचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद होतं. निमित्त झालं कुणीतरी टाकलेल्या मजकुराचं. त्यात एका ओळीच्या मध्येच सुमारे २०,००० कोऱ्या जागा सलग आल्या होत्या. कडेच्या कोऱ्या जागा छाटायला तिथे एक रेग्युलर एक्स्प्रेशन, आमच्या बोलीत रेजेक्स, वापरलं जाई. त्याने पहिल्या कोऱ्या जागेपासून सुरुवात केली, २०,००० ओलांडल्या आणि पुढे अक्षर दिसलं. म्हणजे ही ओळीची अखेर नव्हे. मग दुसऱ्या जागेपासून पुन्हा १९,९९९. मग तिसरीपासून. बेरीज वीस कोटींच्या वर जाते. त्यात तो मजकूर मुखपृष्ठावर आलेला, आणि सर्व्हर धड आहे की नाही हे लोड बॅलन्सर मुखपृष्ठ मागवूनच ठरवायचा. उत्तर वेळेत येईना, तेव्हा त्याने सर्व्हर बाद ठरवले.

रेजेक्सवर माझा फार जीव आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. पर्ल, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांतली नेहमीची रेजेक्स इंजिनं एक वाट धरतात, ती बंद निघाली की मागे येऊन दुसरी धरतात. यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात. वरच्या घटनेत काम वर्गाच्या पटीत वाढलं. याहून वाईटही होऊ शकतं. ‘एक किंवा अनेक अ’ असा गट घ्या, तो गटही ‘एक किंवा अनेक वेळा’ येऊ द्या आणि त्यानंतर मजकूर संपलाच पाहिजे अशी अट घाला. पुढे तीस ‘अ’ आणि शेवटी एक ‘ब’ ठेवला, की भाबडं इंजिन त्या तिसांचे गट पाडण्याची प्रत्येक तऱ्हा तपासत बसतं. दर वाढीव ‘अ’मागे काम दुप्पट, म्हणजे तिसाव्यापर्यंत मामला शंभर कोटींच्या घरात.

याचा उपाय केन थॉम्प्सन यांनी १९६८ सालीच छापला होता. एकेक वाट चालून पाहण्याऐवजी सगळ्या शक्य वाटा बरोबरीने पुढे न्यायच्या; मग वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच लागतो. त्या वाटेने गेलेलं आरई२ हे इंजिन गूगलने २०१० मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. आधी जुळलेला तुकडा पुढे पुन्हा शोधण्याची सोय त्यात मिळत नाही. माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे.

२ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या कंपनीचं जाळं २७ मिनिटं कोलमडलं, तेही एका रेजेक्सनेच. जगभरच्या त्यांच्या सर्व्हरवर सीपीयू शंभर टक्क्यांना भिडला. मला चटका लावणारी गोष्ट पुढची आहे: रेजेक्सने सीपीयू खाऊ नये म्हणून आधी एक आडकाठी होती, ती काही आठवड्यांपूर्वी कोडची फेररचना करताना चुकून निघून गेली होती.

धोकादायक कोड आधीच ओळखून का काढत नाहीत, असं विचारलं जातं. कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे अॅलन ट्यूरिंग यांच्या १९३६ च्या कामातून निघतं. तेव्हा घड्याळ लावणं आलंच.

ते घड्याळ कोणतं, हा प्रश्न मला पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कोडिंग स्पर्धा बघायला जातो तिथे हमखास भेटतो. ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ला मुलं ‘टीएलई’ म्हणतात आणि तो आला की आख्खी टीम स्क्रीनवर वाकते. लिनक्सवर प्रोसेसला सीपीयूच्या सेकंदांची मर्यादा घालता येते. सौम्य मर्यादा ओलांडली की इशारा जातो, कडक मर्यादेला कर्नल थेट मारतो. पण नुसता झोपून राहणारा प्रोग्रॅम सीपीयू जवळपास वापरतच नाही. त्याच्यासाठी भिंतीवरच्या घड्याळाचीही वेगळी मुदत लागते.

आणि मारायचं ते नेमकं काय? जावात धावता थ्रेड बाहेरून बंद करायची ‘थ्रेड.स्टॉप’ ही सोय पहिल्यापासून होती. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा व्हायचे आहेत आणि त्याच क्षणी थ्रेड कापला, असं समजा. त्याने धरलेलं कुलूप सुटतं आणि अर्धवट हिशोब बाकीच्या थ्रेडना उघडा पडतो. म्हणून १९९८ च्या आवृत्तीपासून ही सोय वापरू नका असं सांगितलं गेलं, आणि २०२३ च्या जावा २० मध्ये तिला हाक मारली तर ती फक्त एरर देते. आता थ्रेडला विनंती करायची, आणि त्याने मधून मधून ती बघायची. बघणारा कोड लिहिलेलाच नसेल, तर विनंती वाया जाते.

प्रोसेसची स्मृती मात्र स्वतंत्र असते. म्हणून प्रोसेस मारली तरी शेजारच्यांना धक्का लागत नाही. तिथेही आधी ‘सिगटर्म’ हा थांबण्याचा इशारा पाठवावा, आवराआवरीला वेळ द्यावा आणि मगच थेट मारणारा ‘सिगकिल’, म्हणजे ‘किल -९’. डॉकर यासाठी साधारणपणे १० सेकंद थांबतो, कुबरनेटीस ३०. ‘सिगकिल’ प्रोसेसला अडवता येत नाही. डिस्कवर अर्धी लिहिलेली फाइल तशीच राहते. ‘किल -९’ची घाई करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी आठवावं.

माझा आग्रह मुदतीच्या मूळ मूल्याबद्दल आहे. डॉटनेटमध्ये २०१२ पासून रेजेक्सला मुदत देता येते, पण न दिल्यास ती अमर्याद धरली जाते. पायथनच्या मूळ रेजेक्स मॉड्यूलमध्ये तर मुदत द्यायची जागाच नाही. परक्याचा मजकूर तपासायचा असेल तर ते काम वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकून बाहेरून घड्याळ लावावं लागतं. ही मर्यादा भाषांनी आपणहून घालावी, आणि ज्याला ती काढायची असेल त्याने तसं स्पष्ट लिहावं.