‘लागीर झालंय’ म्हणण्याआधी

पोरगा रात्र रात्र जागतो, जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणून ताट सरकवतो, कॉलेज सोडून माडीवर एकटाच पुटपुटत बसतो. सातारा-सांगलीच्या खेड्यांत अशा वेळी आधी ऐकू येतो तो शब्द ‘लागीर’, म्हणजे भूतबाधा. साताऱ्याच्या मातीतल्या एका टीव्ही मालिकेनं २०१७ मध्ये हा शब्द प्रेमाला लावून गोड केला. ज्या घरात तो जुन्या अर्थानं बोलला जातो, तिथं त्याची भीतीच वाटते. मग उतारा, अंगारा, देवऋषी, वाऱ्या. डॉक्टरांची पाळी शेवटी येते, कारण मनाचा डॉक्टर म्हणजे ‘येरवड्या’चं वेड्यांचं इस्पितळ असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

घर आणि दवाखाना यांच्यामधलं हे अंतर कापायला कुणीतरी ओळखीचं माणूस लागतं. अशी माणसं पुढे आली ती डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या, साताऱ्यातून उभ्या राहिलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतून. त्यांनीच साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था सुरू केली. व्यसनमुक्तीसाठी ओळखली जाणारी ही संस्था पुढे मानसिक आरोग्याच्या कामातही उतरली. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोलकर मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या पुढाकारानं चळवळीतल्या कार्यकर्त्यांना ‘मानसमित्र’ म्हणून तयार करण्याचं काम सुरू झालं.

मानसमित्र डॉक्टर नव्हे. तो निदान करत नाही, गोळी देत नाही. ऐकून घेतो, लक्षणं ओळखतो, गरज दिसली तर घरच्यांना उपचारापर्यंत नेतो. याला ‘भावनिक प्रथमोपचार’ म्हणतात. नाव जड आहे, काम मात्र शेजारधर्माचंच.

खरी कसोटी लागते ती उपचार सुरू झाल्यावर. महिनाभरात झोप सुधारते, भास कमी होतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘आता बरा झालाय, कशाला सवय लावायची गोळ्यांची?’ सुरुवातीच्या पोरासारखी लक्षणं ज्यात दिसतात त्या स्किझोफ्रेनियात औषध मनानं बंद केलं की आजार उलटण्याचा धोका मोठा. तेव्हा वाद न घालता पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन जाणारं माणूस हवं. औषधासोबत देवाला जाणाऱ्याची टिंगल करून इथं काही साधत नाही. गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावानं श्रद्धास्थानापाशीच उपचार पोहोचवले गेले. विवेकवाद्यांनाही त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

कायदा रुग्णाच्या बाजूनं आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं किंवा साखळीनं बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क मानला, रुग्णाला साखळदंडात ठेवायला बंदी केली आणि आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरायला सांगितलं. या कायद्याच्या आधी, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविनाच असल्याचं दिसलं होतं. २०२२ पासून १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, मराठीतूनही.

कुटुंबानं उघडपणे बोलावं, ही वाट मराठी माणसाला नवी नाही. कॅनडात कॅलगरीला स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. पुढे ‘देवराई’ (२००४) या सिनेमातून हा आजार मराठी घराघरांत बोलला गेला.

गावात मात्र एक प्रश्न हमखास पुढे येतो. पोरगं सावरलं, कामावर जाऊ लागलं की आई दबक्या आवाजात विचारते, ‘सोयरिकीत हे सांगायचं का?’ सांगितलं तर स्थळ जातं. लपवलं तर लग्नानंतर गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि तिथंच त्या बंद पडतात.