संत्र्याची बाग आणि गावची विहीर

नरखेड तालुका म्हटला की संत्री डोळ्यांसमोर येतात. काटोल, नरखेड आणि वर्धा नदीपलीकडील वरूड, मोर्शी हा सलग संत्रापट्टा होय. 'नागपुरी संत्र्या'ला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु या पिकाचा भूगोल विद्यार्थ्यांनी केवळ परीक्षेपुरता वाचून भागणार नाही. आपल्या वस्तीच्या पाण्याचा आणि मजुरीचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

तालुक्यात दोन प्रकारची शेती शेजारी शेजारी चालते. कोरडवाहू शेतात कापूस, तूर, सोयाबीन पावसाच्या भरवशावर येतात. ओलिताच्या शेतात संत्र्याची बाग असते. सहा-सहा मीटरवर कलमे लावली की हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. पाणी तोडून बाग ताणावर सोडली जाते आणि ताण सोडताच झाडे फुलतात. हिवाळ्याच्या ताणानंतर आंबिया बहार, तर उन्हाळ्याच्या ताणानंतर पावसाळ्यात मृग बहार येतो. आंबियाची लहान फळे टिकवायची तर बागेला भर उन्हाळ्यात पाणी लागते. नेमकी तेव्हाच गावची विहीर तळ गाठते.

याचे कारण जमिनीखाली आहे. येथे मुख्यतः काळ्या पाषाणाचे थर आहेत. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा मुख्यतः पावसानेच भरतो. पूर्वी मोटेने उपसा बेताचाच होई. वीजपंप आणि बोअर आल्यावर उपसा वाढला, पाऊस मात्र वाढला नाही. शेतातली बोअर खोल गेली की उथळ सार्वजनिक विहीर आटू शकते. म्हणूनच १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास मनाई केली. पुढे २००९ चा अधिक व्यापक भूजल कायदा झाला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतधारणेवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे, यावरून ते किफायतशीर ठरत नाही. त्याला भांडवल, अवजारे यांची जोड किती आहे यावर ते ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्याकडे त्या जोडीत पाणी प्रथम येते. विहीर असलेले दोन एकर कुटुंब पोसू शकतात, पण कोरडवाहू पाच एकरांचा धनी दुसऱ्याच्या बागेत तोडणीला जातो. भूमिहीनाच्या वाट्याला तर केवळ मजुरी येते. बाग वाळली की तीही जाते.

तेव्हा बागेचा द्वेष करून चालणार नाही. ठिबक सिंचन, शेततळी, नाल्यांवरील बंधारे आणि खोडाला पाणी लागू न देणारे दुहेरी आळे यांनी बागही जगते आणि पाणीही वाचते. मोकाट पाण्याने भारी जमिनीत मुळे कुजतात, डिंक्या रोग बळावतो. म्हणजे उधळपट्टीत बागायतदाराचेही नुकसानच आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावरील समान हक्क बजावला. तो हक्क विहीर आटल्यावर कागदावरच राहतो. यासाठी आपल्या तरुणांनी दर उन्हाळ्यात गावच्या विहिरीची पातळी मोजून वहीत नोंदवावी आणि ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. मोजलेल्या पाण्याबद्दल बोलणाऱ्याचे म्हणणे सहज टाळता येत नाही.

जयभीम!