बंद होणाऱ्या दुकानातली स्वस्ताई

'दुकान बंद करणे आहे, सर्व मालावर भरघोस सूट' असा फलक दिसला की आपली पावले आपोआप तिकडे वळतात. साताऱ्याची खणआळी असो की सांगलीचा हरभट रोड, ईदच्या खरेदीत तर ही ओढ वाढतेच. हलाल कमाईतला रुपया जपणे यात गैर काही नाही. पण बुडणाऱ्या दुकानातली खरेदी नेहमीसारखी नसते, हे आम्हाला वाचक भगिनींच्या कानावर घालायचे आहे.

बिग बझारचे उदाहरण ताजे आहे. २००१ साली सुरू झालेल्या या दुकानांनी 'सबसे सस्ते दिन' लावून देशाला सेलची सवय लावली. रद्दी द्या, कूपन घ्या, ही योजनाही त्यांचीच. पुढे कर्ज वाढले, जागांची भाडी थकली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेक दुकाने अचानक बंद झाली. जुलै २०२४ मध्ये फ्युचर रिटेल ही मूळ कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला. अमेरिकेत २०१८ साली 'टॉईज आर अस' या खेळण्यांच्या दुकानांचा शेवटचा सेल जूनपर्यंत चालला, पण गिफ्ट कार्डे घेणे एप्रिलमध्येच थांबले.

म्हणून दुकान डळमळल्याची कुणकुण लागताच कूपन आणि गिफ्ट कार्ड आधी वापरून टाकावे. आगाऊ रक्कम तर देऊच नये. कंपनी बुडाली की आपण तिचे देणेकरी नव्हे, घेणेकरी होतो. आणि घेणेकऱ्यांच्या रांगेत बँका पुढे, आपण फार मागे.

सूट कशावर आहे, तेही पाहावे. कुकरवर छापील किंमत १,००० रुपये आहे. सेलमध्ये ३० टक्के सूट, म्हणजे ७००. तोच कुकर पेठेत रोज ७५० ला मिळत असेल, तर खरी बचत ५० रुपयांचीच. मिक्सर, पंखा तिथेच चालवून बघावा. वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची, हे विचारावे. दुकानाची असेल तर ती दुकानाबरोबरच गेली. पक्के बिल घ्यावे, खाण्याच्या पाकिटांवरची तारीख वाचावी. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला माल वर ठेव, लोकांना दिसू दे, असे त्यांनी विक्रेत्याला बजावले. दोष झाकून विकणे जसे विक्रेत्याला मना आहे, तसे वर्षानुवर्षे 'शेवटचे दोन दिवस' लिहिणेही फसवणूकच आहे.

आणि एक. गल्ल्यावर बसलेल्या मुलीची नोकरी पुढच्या महिन्यात नसते, कदाचित मागचा पगारही थकलेला असतो. सूट किती द्यायची, हे तिच्या हातात नाही. गर्दीत तिच्यावर आवाज चढवू नये. दोन शब्द गोड बोलावेत, तिच्या रोजीसाठी दुआ करावी. घरून यादी लिहून न्यावी आणि यादीतले मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परतावे. गरज नसलेली वस्तू निम्म्या किमतीत घेतली, तरी तो इस्राफच.