टीव्हीचा फुगलेला कपॅसिटर: भाग स्वस्त, पैसे निदानाचे



टीव्हीचा कपॅसिटर कसा बदलायचा ते व्हिडिओत पाहिलंत. हात बसला की ते काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. पण त्यावर धंदा उभा करायचा तर आणखी काय लागतं, ते आज बघू. उदाहरण आपल्या मालवण किनाऱ्याचंच घेऊ.

इथे काम का आहे?

तारकर्ली, देवबाग, आचरा इथल्या निवास-न्याहारीच्या खोल्यांत टीव्ही असतोच. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, पर्यटक कमी. मालक डागडुजी करून घेतात ती याच दिवसांत. पाठोपाठ चतुर्थी येते, चाकरमानी घरी येतात. तेव्हा फोन येतो, "टीव्ही चालूच होणा नाय. खर्च किती येतलो?"

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. बंद कपाटात ठेवलेला टीव्ही म्हणूनच लवकर आजारी पडतो. त्यात आपली खारी, दमट हवा सोल्डर आणि पाय गंजवते.

आधी निदान करा

- स्टँडबायचा दिवा लुकलुकतो, टीव्ही सुरू व्हायला खूप वेळ घेतो किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतो: कपॅसिटरचा संशय घ्या.
- आवाज येतो, चित्र नाही: पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बहुधा बॅकलाइटची भानगड आहे.
- वीज पडल्यानंतर टीव्ही पूर्ण मेला: फ्यूज आणि सप्लायचे इतर भागही तपासा. नुसत्या कपॅसिटरवर भागेल असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

डोकं फुगलेला किंवा तपकिरी गळती झालेला कपॅसिटर लगेच दिसतो. पण न फुगलेलाही खराब असू शकतो. साध्या मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर येतात आणि आतला रोध मात्र वाढलेला असतो. त्यासाठी ईएसआर मीटर घ्या. या धंद्यातली ही पहिली खरी गुंतवणूक.

जिवाची काळजी

प्लग काढला म्हणजे धोका संपला असं नाही. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगी उडते आणि बोर्डही जातो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरला जोडून दोन्ही पायांवर काही सेकंद धरा. मग मीटरने खात्री करा आणि नंतरच हात लावा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही जाणत्या मेकॅनिकच्या हाताखाली शिकल्याशिवाय उघडूच नका.

बदलताना

१. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. अंगावरची पट्टी म्हणजे निगेटिव्ह. उलटा बसला तर फुटतो.
२. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. कमी कधीच नाही.
३. १०५ अंशांचा, लो-ईएसआर प्रकारचा घ्या. उंची आणि जाडी जागेत बसते का बघा.
४. गंजलेले सांधे साफ करून पुन्हा सोल्डर करा.
५. पहिल्यांदा सिरीज बल्बवर चालू करा. नंतर थेट विजेवर दोन तास चालवून बघा, मगच टीव्ही परत द्या.

आता हिशोब

समजा, कपॅसिटरला ४० रुपये लागले आणि तुम्ही ५०० रुपये सांगितले. गिऱ्हाईक म्हणेल, "चाळीस रुपयांच्या भागाचे पाचशे?" इथे गडबडू नका. त्या पाचशेत तुमचं जाणं-येणं, तपासणी, मीटर, दोन तासांची चाचणी आणि जबाबदारी आहे. पण हे आधी सांगितलं तरच पटतं. म्हणून चार नियम पाळा:

- तपासणीचे पैसे फोनवरच ठरवा. दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा करा.
- खर्चाचा आकडा सांगून होकार घ्या, मगच सोल्डरिंग गन तापवा.
- काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या.
- बदललेल्या भागाची तीन महिन्यांची हमी बिलावर लिहून द्या. पूर्ण टीव्हीची हमी देऊ नका.

पॅनल फुटलं असेल तर खर्च परवडणार नाही, असं स्पष्ट सांगा. आजचं बिल बुडेल, पण गावात शब्द पसरतो. निघताना दोन गोष्टी सांगा: टीव्हीच्या मागे हवा खेळू द्या, आणि वीज कडकडायला लागली की प्लगबरोबर डिशची वायरही काढा. असा सल्ला देणाऱ्याला मालक पुढच्या वेळी बाकीच्या खोल्यांचे टीव्हीही दाखवतो.

सुरुवातीला कर्जाच्या मागे धावू नका. भंगारातले दोन-चार बोर्ड आणा आणि कपॅसिटर काढण्या-बसवण्याचा सराव करा. हात बसला की उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन होते आणि मोफत आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गावात टीव्ही असलेल्या भाड्याच्या खोल्या किती, आणि बंद पडलेला टीव्ही आज कुठे नेतात, ते विचारून लिहून काढा. तुमचा बाजार किती मोठा आहे, ते त्या यादीतच कळेल.