भाकरीबरोबर बोलही हवेत

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत राबणारी आपली माणसे पाळीवर जगतात. बाप रात्रपाळीला, आई ठेकेदाराकडे आणि तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर. मूल जेवले, झोपले, की आपण निश्चिंत होतो. पण मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन वर्षांतच. तेव्हा मुलाला भाकरीइतकीच बोलण्या-खेळण्याचीही भूक असते.

जमैका या देशात १९८६-८७ मध्ये कुपोषणाने वाढ खुंटलेल्या १२९ गरीब बालकांची पाहणी सुरू झाली. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाई. मुलाशी कसे बोलावे, घरी बनवलेल्या खेळण्यांनी कसे खेळावे, हे ती आईला दाखवी. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली!

आपल्याकडे हे काम अंगणवाडीचे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली ही योजना केवळ खाऊ वाटण्यासाठी नाही. तीन वर्षांखालील मुलांसाठी २०२४ मध्ये केंद्र शासनाने १४० खेळ-कृतींचा आराखडा दिला आहे. महाराष्ट्रात अंगणवाडीताई पालक मेळावेही भरवतात. तिथे आईबरोबर बापानेही गेले पाहिजे.

घरी काय करावे? भाजी निवडताना मुलाशी बोला, भाज्यांची नावे सांगा. डबा-चमचा वाजवू द्या. त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर द्या. गप्प बसवण्यासाठी हातात मोबाईल देऊ नका. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि धाकट्याला सांभाळण्यापायी थोरलीची शाळा बुडवू नका. एकाचे भले करताना दुसरीचे नुकसान कशाला?

वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. तेव्हा महिला मंडळांनी समाजमंदिरात बसून मुलांची यादी करावी, सह्या-अंगठे घ्यावेत आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन पोच घ्यावी.

आपण दुसऱ्यांच्या मोटारी जोडतो. आपल्या लेकरांच्या आयुष्याची जोडणी मात्र आपल्यालाच करायची आहे, आणि ती पहिल्या तीन वर्षांतच सुरू होते.