पलीकडच्याला काय दिसतं?

मुरुडच्या किनाऱ्यावरून समुद्रातला पद्मदुर्ग दिसतो. तीन वर्षांच्या मुलाला विचारा, 'तिथल्या माणसाला काय दिसत असेल?' बहुधा उत्तर येईल, 'किल्ला!' झाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८मध्ये मांडलेल्या तीन डोंगरांच्या प्रयोगात असंच घडलं होतं. समोरच्या बाहुलीला काय दिसतं, हे सांगताना लहान मुलं स्वतःला दिसणारंच चित्र निवडत.

पण म्हणून मुलांना अजाण ठरवणं अन्यायाचं होईल. मार्टिन ह्यूज यांनी १९७५मध्ये डोंगरांऐवजी पोलीस आणि त्याच्यापासून लपणारा मुलगा अशा बाहुल्या ठेवल्या. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरं बरोबर आली! लपाछपी त्यांच्या ओळखीची होती.

दुसऱ्याला एखादी वस्तू दिसते की नाही, हे बहुतेक मुलांना अडीच-तीन वर्षांपर्यंत कळतं. तीच वस्तू त्याला वेगळी दिसते, हे कळायला चार-साडेचार वर्षं लागतात. मधल्या काळात चित्रातलं कासव समोरच्याला उलटं दिसतं, हे पटत नाही.

आणि डोळे मिटून लपणारं पोर? केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२मध्ये अशा मुलांना विचारलं. त्यांचं म्हणणं होतं, अंग दिसतं, पण 'मी' दिसत नाही. त्यासाठी नजरेला नजर भिडावी लागते.